‘काय म्हणालात?’ हा प्रश्न रोज ऐकणाऱ्या परिचारिकेस

पत्र : मी मूळची सातारा जिल्ह्यातली. पुण्यात नर्सिंगचे शिक्षण घेतले, तेथेच काही वर्षे नोकरी केली, जर्मनची बी-2 परीक्षा उत्तीर्ण झाले आणि गेल्या चौदा महिन्यांपासून स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात काम करते आहे. व्याकरण बरे आहे, लिहिलेले सगळे समजते. पण मी तोंड उघडले की रुग्ण ‘वी बिट्टऽ?’, म्हणजे ‘काय म्हणालात?’, असे विचारतात. एका आजोबांनी तर ‘जर्मन येणाऱ्या कुणाला तरी पाठवा’ असे तोंडावर सांगितले. एक सहकारी माझ्या बोलण्याची नक्कल करते आणि बाकीच्या हसतात. हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या परिचारिकांना रुग्णांची माहिती देताना, मी हल्ली शक्य तितके कमी बोलते. पुण्यातल्या वसतिगृहात मी ‘पानी’, ‘आनि’ म्हणते म्हणून मुली हसत असत. तेच पुन्हा सुरू झाले आहे असे वाटते. माझी सहा वर्षांची मुलगी वर्षभरात तिथल्या मुलांसारखी बोलू लागली आणि आता चारचौघांत माझे उच्चार सुधारते. ‘नव्वद दिवसांत अ‍ॅक्सेंट घालवून देऊ’ असा एक ऑनलाइन वर्ग आहे. त्याची फी साठ हजार रुपये आहे. चौतिसाव्या वर्षी हे जमेल का? पैसे भरू का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात सर्वांत शेवटी उत्तर द्यावे असे जे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात, त्यापासून मी सुरुवात करते. ‘हँडओव्हरच्या वेळी मी हल्ली कमी बोलते.’ हे कृपा करून आजपासून थांबवा. सदोष उच्चारात दिलेली माहिती समोरची व्यक्ती पुन्हा विचारून घेऊ शकते. न दिलेली माहिती तिला विचारताच येत नाही, कारण ती आहे हेच तिला ठाऊक नसते. रात्री कोणत्या रुग्णाला किती मात्रा दिली, कुणाचा ताप उतरला नाही, कोण उठताना तोल जाऊन पडता पडता वाचले, हे सर्व तुम्ही सांगितलेच पाहिजे, मग उच्चार कसाही असो.

यात एक खरा धोका आहे आणि तो मात्र उच्चाराशीच बांधलेला आहे. जर्मनमध्ये पंधरा म्हणजे ‘फ्युन्फत्सेन’ आणि पन्नास म्हणजे ‘फ्युन्फत्सिश’. तुमच्या दक्षिणेकडील भागात पुष्कळ जण ‘फ्युन्फत्सिक’ असेही म्हणतात. तेरा-तीस, चौदा-चाळीस या जोड्याही अशाच आहेत. शब्दाचा आरंभ सारखा, फरक तो शेवटच्या अवयवात, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शेवटच्या तुकड्यात, आणि घाईने बोलताना आपल्या तोंडून नेमका तोच अवयव गिळला जातो. पंधरा मिलिग्रॅम आणि पन्नास मिलिग्रॅम यांतला फरक तुम्हांला मी सांगायला नको. म्हणून मात्रेचा आकडा सांगताना तो एकदा नेहमीसारखा म्हणा आणि लगेच सुटे अंक म्हणा, ‘एक-पाच’ किंवा ‘पाच-शून्य’, आणि ऐकणाऱ्या व्यक्तीला तो परत म्हणून दाखवायला सांगा. यात कमीपणा नाही. जर्मन माणसे स्वतः फोनवर ‘त्स्वाय’ आणि ‘ड्राय’, म्हणजे दोन आणि तीन, यांत गोंधळ होऊ नये म्हणून दोनला मुद्दाम ‘त्स्वो’ म्हणतात. आपल्या उच्चारांवर शंका घेऊन खबरदारी बाळगणे ही त्या भाषेचीच रीत आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. चौतिसाव्या वर्षी परभाषेतील हेल पूर्णपणे जाईल का? बहुधा जाणार नाही. चौतिसाव्या वर्षी रुग्णांना तुमचे बोलणे पहिल्याच वेळी कळू लागेल का? नक्की कळू लागेल, आणि त्याला वर्षानुवर्षे लागणार नाहीत. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि तुमच्या पत्रातली निम्मी वेदना ते एकच आहेत असे मानल्यामुळे निर्माण झाली आहे. कॅनडातील मन्रो आणि डर्विंग या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी 1995 मध्ये चिनी मातृभाषा असलेल्या लोकांचे इंग्रजी बोलणे इंग्रजीभाषक श्रोत्यांना ऐकवून ते लिहून घ्यायला सांगितले होते. श्रोत्यांनी ज्या वाक्यांना ‘हेल फार जड आहे’ असा शेरा दिला, त्यांतली कित्येक वाक्ये त्यांनीच अक्षरशः बिनचूक लिहून काढली होती. म्हणजे हेल जाणवणे आणि अर्थ न कळणे या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. युरोप परिषदेने भाषेच्या ज्या ए-1 ते सी-2 पातळ्या ठरवल्या आणि ज्यांच्या आधारे तुम्ही बी-2 झालात, त्यांतील उच्चाराचे निकषही 2018 मध्ये नव्याने लिहिले गेले; त्यांत मातृभाषकासारखे बोलणे हा आदर्श सोडून देऊन बोलणे समजण्याजोगे असणे हा आदर्श धरला आहे. अगदी वरच्या पातळीवरसुद्धा आपल्या भाषेची छटा राहू शकते, हे तेथे मान्य केले आहे. पूर्ण पुसून टाकण्याची जी अपेक्षा तुम्ही स्वतःवर लादून घेतली आहे, ती तुमच्याकडून परीक्षा घेणाऱ्यांचीही नाही.

मुले ज्या सहजतेने बोलू लागतात, तिचे कारण त्यांच्या कानांत आहे. कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये वर्कर आणि टीज या संशोधकांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण तो आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्याविषयी आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ती शक्ती मावळलेली होती. इंग्रजीला या भेदाची गरज नाही, म्हणून कानाने तो सोडून दिला. तुमच्या कानानेही पाळण्यात असतानाच जर्मनचे कित्येक भेद असेच सोडून दिले. त्यामुळे जिभेला दोष देण्याआधी कानाला पुन्हा शिकवावे लागते. जो भेद ऐकू येत नाही, तो बोलताना नेमका साधत नाही.

आणि मोठेपणी कान शिकतो, याचा पुरावा तुम्ही स्वतःच पत्रात दिला आहे. ‘पानी’चे ‘पाणी’ करण्यासाठी तुमच्यावर ज्या रीतीने हसले गेले, ते वाचून मला फार वाईट वाटले. ‘न’ म्हणणारी माणसे अशुद्ध बोलत नाहीत. ती त्यांच्या गावाची, त्यांच्या घराची मराठी बोलतात, आणि त्या एका अक्षरावरून माणसाची जात आणि पायरी ठरवण्याची आपल्याकडची सवय लाजिरवाणी आहे. परंतु त्या अनुभवातून शिकण्यासारखे एक सत्य शिल्लक राहते. तुम्ही अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एक नवा भेद कानाने पकडला, जिभेवर आणला आणि तुमच्या गावचे बोलणे मात्र गमावले नाही. सुट्टीत घरी गेल्यावर तुम्ही आईशी कसे बोलता ते आठवून पाहा. तुम्ही एका आवाजाशेजारी दुसरा आवाज ठेवलात. जर्मनमध्येही तेच करायचे आहे, फक्त या वेळी लाजेशिवाय.

आता कामाकडे वळते. येथे मी जर्मन शब्द देवनागरीत लिहीत आहे आणि तसे करताना मला अपराधी वाटते आहे, कारण मराठी विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका वहीच्या समासात देवनागरीत लिहून ठेवलेल्या उच्चारांपासून सुरू होतात. देवनागरी मराठीच्या ध्वनींसाठी आहे. जर्मनचे जे ध्वनी मराठीत नाहीत, त्यांच्या जागी ती निमूटपणे जवळचा मराठी ध्वनी बसवते आणि आपल्याला फसवणूक कळतही नाही. तेव्हा खालची अक्षरे केवळ खूण समजा आणि प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रणातून ऐका.

मी 1989 मध्ये जर्मनीतील ग्योटिंगन या शहरात शिकायला गेले, तेव्हा पहिले पाच-सहा महिने घशातला जर्मन ‘र’ साधण्यात घालवले. तो साधला. तरीही घरमालकीण बाई मला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, आणि एके दिवशी त्यांनी अतिशय आपुलकीने सांगितले की माझे सगळे शब्द सारख्याच वजनाचे असतात, त्यामुळे कुठे कान द्यावा हे त्यांना उमगत नाही. माझे पाच महिने चुकीच्या जागी खर्च झाले होते. तुमचे होऊ नयेत म्हणून हे सांगते आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे माप देतो. जर्मन बोलणे मात्र आघातावर चालते : शब्दातला एक अवयव ठळक, लांब आणि उंच, आणि बाकीचे त्याच्या सावलीत. ऐकणारा जर्मन माणूस आधी तो ठळक अवयव शोधतो आणि त्यावरून शब्द ओळखतो. तो चुकीच्या जागी पडला तर प्रत्येक अक्षर शुद्ध असूनही शब्द हरवतो. ‘उम्फारन’ या क्रियापदाचे उदाहरण प्रत्येक वर्गात दिले जाते : आघात ‘उम्’वर असेल तर अर्थ ‘गाडीने धडक देऊन पाडणे’, आणि ‘फा’वर असेल तर ‘वळसा घालून पुढे जाणे’.

तुमच्या व्यवसायात तर याला विशेष महत्त्व आहे, कारण रुग्णालयातले पुष्कळ शब्द तुम्ही आधी इंग्रजीतून शिकलेल्या आहात. ‘अ‍ॅलर्जी’, ‘थेरपी’, ‘टेम्परेचर’ हे शब्द आपण इंग्रजीच्या वळणाने आरंभावर जोर देऊन म्हणतो. जर्मनमध्ये ‘आलेर्गी’, ‘तेरापी’, ‘टेम्पेराटूर’ या सर्वांत जोर अगदी शेवटी असतो. ‘मेडिकामेन्ट’, ‘पात्सिएन्ट’, ‘ओपेरात्सिओन’, ‘इन्फुझिओन’ यांतही तसेच. उलट ‘क्रांकनहाउस’ या जोडशब्दात जोर पहिल्या ‘क्रां’वर. तुमच्या प्रभागात रोज वापरात येणारे पन्नासएक शब्द एका कागदावर काढा आणि प्रत्येकातल्या ठळक अवयवाखाली रेघ ओढा. शब्दकोशात ती जागा खुणेने दाखवलेली असते. मग तो शब्द म्हणताना त्या अवयवावर टेबलावर हात आपटा. हे बालिश वाटेल, पण शरीर ताल लवकर शिकते आणि तोंड शरीराच्या मागे जाते. माझ्या अनुभवात इतका लवकर फरक दुसऱ्या कोणत्याही सरावाने पडत नाही.

आघाताच्या खालोखाल स्वरांची लांबी. शाळेत आपले सर्वांचे गुण ऱ्हस्व-दीर्घात गेले, त्याचे कारण असे की बोलण्यातल्या मराठीत ‘इ’ आणि ‘ई’ यांची लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. केवळ तेवढ्याने अर्थ बदलणारे शब्द थोडे, आणि तेही बहुतेक संस्कृतातून आलेले. म्हणून आपला कान लांबीकडे लक्ष देत नाही. जर्मन कान देतो. ‘बेटन’ हा शब्द ‘बे’ आखूड ठेवून म्हटला तर अर्थ ‘खाटा’. ‘बे’ लांबवला तर अर्थ ‘प्रार्थना करणे’. रुग्णाला ‘कसे वाटते आहे’ असे विचारताना ‘फ्यूलन’ या क्रियापदातला स्वर लांब हवा. तो आखूड झाला की अर्थ ‘भरणे’ असा होतो. आपल्याला सर्वांत जड जातो तो आखूड ‘आ’. ‘श्टाट’ म्हणजे ‘शहर’ या शब्दात तोंड ‘आ’साठी उघडायचे, पण ‘अ’इतक्याच वेळात मिटायचे. आपण एक तर ‘श्टट’ म्हणतो किंवा स्वर ताणून ‘राज्यसंस्था’ या अर्थाचा दुसराच शब्द म्हणतो. एक रबरबँड दोन्ही हातांत धरा. लांब स्वराला ताणा, आखूड स्वराला सैल सोडा.

ज्या स्वरांवर लिहिताना दोन ठिपके देतात, ते मराठीत नाहीत, पण ते शिकणे वाटते तितके कठीण नाही. ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ तिळभरही न हलवता ओठ ‘ऊ’साठी करतो तसे गोल करा, जो ध्वनी निघेल तो ‘म्युन्शेन’, म्हणजे म्युनिक, या शहराच्या नावातला स्वर. ‘ए’ म्हणत राहून ओठ ‘ओ’साठी गोल केले की ‘ग्योटिंगन’मधला स्वर. त्यांच्या आधी ‘य’ मुळीच नाही; तो देवनागरीने घुसडलेला आहे. हे दोन स्वर तुमच्यासाठी केवळ शोभेचे नाहीत. ‘क्योन्टन झी’ने सुरू होणारे वाक्य ही नम्र विनंती आहे : ‘आपण जरा हात वर कराल का?’ त्यातला स्वर साधा ‘ओ’ झाला, ‘कोन्टन झी’ म्हटले गेले, की तेच वाक्य भूतकाळातला प्रश्न होते : ‘आपल्याला हात वर करता आला का?’ रुग्ण हात वर न करता तुमच्याकडे नुसते पाहत राहतात, असे कधी घडले असेल तर कारण बहुधा हेच.

व्यंजनांत तुमच्याजवळ दोन मोठी धने आहेत आणि ती तुम्ही वापरत नसाव्यात. पहिले धन म्हणजे आपला महाप्राण. जर्मनमध्ये आघात असलेल्या अवयवाच्या आरंभी ‘प’, ‘ट’, ‘क’ यांच्याबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो. आपण मात्र तेथे कोरडा ‘प’, कोरडा ‘क’ म्हणतो, आणि जर्मन कानाला तो ‘ब’, ‘ग’ यांच्या जवळचा वाटतो. ‘पाकन’ म्हणजे ‘सामान भरणे’ आणि ‘बाकन’ म्हणजे ‘भाजणे’. ‘कार्टन’ म्हणजे ‘पत्ते, कार्डे’ आणि ‘गार्टन’ म्हणजे ‘बाग’. तेव्हा ‘क’ लिहिलेला दिसला तरी तोंडातून आपला ‘ख’ थोडा हलका करून काढा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. ती हलली पाहिजे. अनेक भाषांच्या विद्यार्थ्यांना हा झोत मुळापासून शिकावा लागतो. तो आपण बाराखडीबरोबर शिकलो आहोत. ‘ट’साठी मात्र जिभेचे टोक मागे वळवू नका आणि ‘त’सारखे दातांनाही टेकवू नका, ‘न’ किंवा ‘ल’ म्हणताना ते जेथे लागते, त्या वरच्या हिरडीवर ठेवा. ‘ट’ आणि ‘ड’ ही मूर्धन्य अक्षरे आपला हेल सर्वांत आधी ओळखू देतात, आणि ती सुटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे तेथे ‘जवळपास तसाच’ ध्वनी आधीच आहे. अगदी नवा ध्वनी माणूस नवा म्हणून शिकतो. जवळपास सारखा असलेला ध्वनी मात्र जुन्याच्या जागी खपून जातो. तेव्हा याविषयी धीर धरा.

दुसरे धन म्हणजे ‘चाक’, ‘चूल’, ‘चोर’ यांतला दंततालव्य ‘च’. जर्मनमधला ‘त्स’ जवळजवळ तोच आहे, आणि ‘त्सूग’ म्हणजे रेल्वेगाडी हा शब्द तुम्ही ‘चूल’च्या ‘च’ने म्हटलात की काम झाले. अडचण एकाच ठिकाणी येते, आणि ती मराठी बोलणाऱ्यालाच येते. आपला हा ‘च’ पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आली की बदलतो. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. त्याच सवयीने ‘त्सिमर’ म्हणजे खोली आणि ‘त्सेन’ म्हणजे दहा या शब्दांत आपल्या तोंडी ‘चिंच’चा ‘च’ येतो. वर सांगितलेल्या पंधरा-पन्नासच्या घोटाळ्यात हेही एक कारण आहे. ‘इ’, ‘ए’ आली तरी ‘चाक’ सोडायचे नाही, इतके लक्षात ठेवा.

‘मी’ या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या शेवटी जो ध्वनी आहे तो ‘श’ नव्हे. ‘ह्या’ हा शब्द कुजबुजत म्हणा आणि त्यातला पहिला श्वास पकडा. तो त्या ध्वनीच्या खूप जवळ जातो. ‘किर्ह्य’ म्हणजे चर्च आणि ‘किर्श’ म्हणजे चेरीचे फळ, ही जोडी सरावाला घ्या. ‘व’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून ओठ गुणगुणला पाहिजे; आपला ‘व’ फार मऊ पडतो.

आणि घशातला ‘र’? त्यावर सध्या एक मिनिटही घालवू नका. जिभेचा ‘र’ बव्हेरियात आणि स्वित्झर्लंडमध्ये मातृभाषक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत आणि त्याने अर्थ बिघडत नाही. फक्त शब्दाच्या शेवटचा ‘र’ सोडून द्यायला शिका. ‘श्वेस्टर’, ‘फीबर’, ‘वासर’, ‘फ्लास्टर’ या तुमच्या रोजच्या शब्दांत शेवटी ‘र’ ऐकूच येत नाही, एक आखूड ‘अ’ ऐकू येतो : ‘श्वेस्टअ’, ‘फीबअ’. आपण तो ‘र’ वाजवतो आणि शेवटच्या अवयवाला नको तितके वजन देतो, म्हणजे पुन्हा आघातच बिघडवतो.

एवढे सगळे सांगितल्यावर न्यायाने हेही सांगितले पाहिजे की तुमचे रुग्ण विचारतात ते प्रत्येक वेळी तुमच्या उच्चारांमुळे नव्हे. तुम्ही श्वाबन प्रदेशात आहात. तेथील वृद्ध माणसे जी बोली बोलतात, तिच्यात ‘इस्ट’चे, म्हणजे ‘आहे’चे, ‘इश’ होते, ‘निश्ट’चे, म्हणजे ‘नाही’चे, ‘नेट’ होते, नामांच्या शेवटी ‘ले’ लागते, आणि उत्तर जर्मनीतून आलेल्या माणसालाही ती समजायला वेळ लागतो. हा प्रदेश ज्यात येतो त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने 1999 मध्ये स्वतःची जी जाहिरात सुरू केली, तिचे घोषवाक्यच ‘आम्हांला सर्व काही जमते, फक्त प्रमाण जर्मन जमत नाही’ अशा अर्थाचे होते. ज्या प्रदेशाने आपला हेल अभिमानाने भिंतींवर लावला, तेथे तुम्ही तुमच्या हेलाची इतकी शरम बाळगू नये. शिवाय वयाबरोबर श्रवणशक्ती घटते तेव्हा उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात, म्हणजे ‘स’, ‘फ’ आणि तो कुजबुजता ‘ह्य’. मास्क लावला की ओठही दिसत नाहीत. अशा माणसाशी ओरडून बोलल्याने फायदा होत नाही. त्यांच्यासमोर, उजेडात, डोळ्यांच्या पातळीवर येऊन, वाक्यांचे छोटे तुकडे करून आणि मध्ये थांबून बोलल्याने होतो. हे तुम्ही सातारच्या आजोबांशीही असेच केले असते.

सरावासाठी रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. कामावर तुम्ही दिवसभरात जी वाक्ये खरोखर बोलता त्यांतली वीस वाक्ये लिहून काढा आणि ज्या सहकाऱ्यावर तुमचा विश्वास आहे, तिला ती तुमच्या फोनमध्ये म्हणून द्यायला सांगा. शक्य असल्यास आणखी एका पुरुष सहकाऱ्यालाही, कारण एकाच आवाजावर तयार झालेला कान दुसऱ्या आवाजापुढे अडखळतो. मग एक वाक्य ऐका, लगेच त्याच तालात म्हणा, स्वतःचे मुद्रित करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. पहिले काही दिवस स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, तरी ऐका. एका आठवड्यात एकच गोष्ट घ्या, या आठवड्यात आघात, पुढच्या आठवड्यात लांब-आखूड स्वर. घरी ऐकण्यासाठी डॉइच वेले ही संस्था सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह विनामूल्य देते. त्यांवर सराव बसला की रात्री आठच्या ‘टागेसशाऊ’ या बातमीपत्राकडे वळा.

साठ हजार रुपये भरू नका. ‘नव्वद दिवसांत हेल घालवू’ असे म्हणणाऱ्याला एक तर भाषा माहीत नाही किंवा त्याला तुमची लाज विकत घ्यायची आहे. महाराष्ट्र शासन आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात 2024 मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला, तेव्हापासून मला अशी पत्रे अधिक येऊ लागली आहेत आणि अशा वर्गांच्या जाहिरातीही अधिक दिसू लागल्या आहेत. तुमच्या गावाजवळच्या ‘फोल्क्सहोखशूल’मध्ये, म्हणजे प्रौढांसाठीच्या लोकशाळेत, उच्चारांचा वर्ग आहे का ते विचारा; तेथील शुल्क माफक असते आणि समोर बसलेला शिक्षक तुमची जीभ कुठे जाते ते पाहू शकतो. वाणी-उपचार करणारी व्यक्ती तर तुमच्या रुग्णालयात कदाचित असेलच, कारण पक्षाघाताच्या रुग्णांना तिची गरज लागते. तिला चहाच्या सुट्टीत गाठा. ध्वनींविषयी मनापासून विचारणारी सहकारी भेटली की अशी माणसे आनंदाने मदत करतात.

नक्कल करणाऱ्या सहकाऱ्याला एकटीला गाठून शांतपणे सांगा : ‘माझा शब्द चुकला तर मला सांग, मी आभारी राहीन, पण सर्वांसमोर माझी नक्कल करू नकोस, त्यामुळे मी हँडओव्हरमध्ये बोलायला कचरते आणि त्याचा त्रास रुग्णांना होतो.’ तरीही ती थांबली नाही तर प्रभागप्रमुखांकडे जा. ही चहाडी नाही, रुग्णांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्या आजोबांना मात्र दुसरी संधी द्या. ‘मी सावकाश सांगते. कळले नाही तर हात वर करा, मी पुन्हा सांगेन,’ एवढे वाक्य अगदी घोटून तयार ठेवा. आजारी, घाबरलेला माणूस पुष्कळदा भाषेवर रागावत नाही, परावलंबी झाल्यामुळे रागावतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. आणि ते त्यानंतरही अपमान करतील तर तो अपमान आहे असे वरिष्ठांना सांगण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे.

राहता राहिली मुलगी. चारचौघांत आईला सुधारायचे नाही, हे तिला प्रेमाने पण स्पष्ट सांगा. त्याबदल्यात घरी तिला रोज दहा मिनिटे तुमची बाई होऊ द्या. तिने ‘किर्ह्य’ किंवा ‘किर्श’ यांतला एक शब्द म्हणायचा, तुम्ही तिच्याकडे न पाहता कोणता ते ओळखायचे. मग तुम्ही म्हणायचा आणि तिने ओळखायचा. हाच कानाचा सराव आहे. मात्र नंतरची दहा मिनिटे बाई तुम्ही व्हा. दिवसभर जर्मन मुलांत राहणाऱ्या तिच्या कानाला त्या व्हँकुव्हरच्या बाळांसारखे होऊ द्यायचे नसेल, तर ‘वाट’ आणि ‘वात’, ‘पाट’ आणि ‘पात’, ‘माळ’ आणि ‘माल’ या जोड्या तिला ओळखायला लावा. आणि ‘पाणी’ व ‘पानी’ हे दोन्ही शब्द तिला शिकवा, दुसरा साताऱ्याच्या आजीचा म्हणून.